मागची सीट काढण्याआधी

विरारच्या फुलपाड्यात घरातून चालणारे धंदे पुष्कळ. कुणी पोळीभाजीचे डबे पोचवतं, कुणी बारशा-वाढदिवसाची सजावट करतं, कुणी अर्नाळ्याहून मासळी आणून सोसायट्यांमध्ये विकतं, कुणाकडे वालीव-सातिवलीच्या कारखान्यांचं जोडकाम असतं. इमारतीखाली स्वतःची अल्टो किंवा वॅगन-आर उभी असते आणि चार खोक्यांसाठी टेम्पो सांगणं जिवावर येतं. ज्यांचा धंदा नाही त्यांनाही गणपतीत गावी सामान न्यायचं असतं, मे महिन्यात गावाहून तांदूळ आणि फणस आणायचे असतात, नाहीतर भाड्याचं घर बदलायचं असतं. मग कुणीतरी सुचवतं, ‘मागची सीट काढून टाका की!’

सीट निघते. हाताशी पाने असतील तर छोट्या गाडीची मागची सीट तासाभरात बाहेर येते आणि तेवढ्याच वेळात परत बसतेही. पण सीट काढल्याने गाडीत जागा वाढते, गाडीची ताकद वाढत नाही. नुकसान होतं ते बहुतेक वेळा हे विसरल्यामुळेच.

आधी हिशेब वजनाचा. पाच माणसांची छोटी गाडी माणसं आणि सामान मिळून साधारण चारशे ते साडेचारशे किलो भार वाहण्यासाठी बनवलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा काढायला गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडा. त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे दिलेले असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की तुमचा भार मिळतो. त्यातून चालक आणि सोबतचा माणूस यांचे दीडशे किलो काढा. गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं असेल, तर टाकी आणि बाकीच्या सामानाचेही ऐंशी-शंभर किलो काढा. मग मालासाठी उरतात जेमतेम दोनशे किलो. म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या, किंवा तांदळाची २५ किलोची आठ पोती. काढलेल्या सीटचं वजन वीस-पंचवीस किलो धरा, सवलत काय ती तेवढीच. डोळ्यांना मात्र मागे एवढी मोकळी जागा दिसते की हात आपोआप आणखी चार पोती आत ढकलतात. ती पोती उतरवून ठेवा, दुसरी खेप मारा.

दुसरी मोजणी डिक्कीच्या दाराची. कपाट, फ्रिज, शोकेस यांसाठी सीट काढायला बसणाऱ्यांनी आधी डिक्कीच्या तोंडाची उंची-रुंदी टेपने मोजावी. आत कितीही जागा झाली, तरी वस्तू शिरणार त्या तोंडातूनच. अल्टोसारख्या गाडीत घरगुती फ्रिज त्या तोंडातून जात नाही आणि हे सीट काढून झाल्यावर कळतं.

आता खरंच सीट काढायची गरज आहे का, ते पाहू. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत मागची पाठ पुढे आडवी होते. काहींमध्ये बैठक उचलून पुढच्या सीटला टेकवून उभी करता येते आणि मग पाठ तिच्या मागे सपाट पडते. अशी सोय असेल तर पान्याला हात लावायचं कारणच नाही, कारण काढून मिळणारी आणि घडी घालून मिळणारी जागा यांत फक्त काही इंचांचा फरक असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या बैठकीखाली असते. त्यामुळे बैठक काढल्यावर सपाट फरशी न मिळता पत्र्याचा एक उंचवटा मिळतो. पुढे पाय ठेवायचा खड्डा, मध्ये उंचवटा, मागे डिक्की, अशी ती तीन पातळ्यांची जागा असते. खोकी त्यावर नीट बसत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा: फक्त बैठक काढा, पाठ जागेवर राहू द्या आणि लागेल तेव्हा ती पुढे आडवी करा. नव्वद टक्के कामं एवढ्यात होतात. शिवाय पाठ जागेवर असली की डिक्कीतलं सामान आणि तुम्ही यांच्यामध्ये एक आडोसा राहतो. सीएनजी गाडीत तर पाठ काढूच नये. आपल्याकडे निम्म्याहून जास्त डिक्की सीएनजीच्या टाकीने अडलेली असते, त्यामुळे पाठ काढूनही लांबी फारशी वाढत नाही. उलट टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली नळी माल आदळण्याच्या टप्प्यात येतात. व्हॉल्व्हवर पोतं टेकवणं, टाकीला दोर गुंडाळून माल बांधणं, टाकीच्या पट्ट्यात हूक अडकवणं, यातलं काहीही करू नका. टाकी सरकली तर नळी ताणली जाते. आणि विषय निघालाच आहे म्हणून, टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झाली आहे की नाही, तेही टाकीच्या प्लेटवर एकदा पाहून घ्या.

काढायची पद्धत गाडीगणिक थोडी बदलते, पण ढाचा तोच. आधी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चावी काढा. नव्या गाड्यांत मागच्या बेल्टच्या बकलला सूचनादिव्याची वायर असते. अशा गाडीत बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून काही मिनिटं थांबा. पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

बैठकीची पुढची कड दोन्ही हातांनी धरून वर झटका दिला की कित्येक गाड्यांत आतले प्लॅस्टिकचे क्लिप सुटतात. मग बैठक पुढे ओढली की मागचे तारेचे हूक निसटतात. काही गाड्यांत पुढच्या कडेखाली दोन बोल्ट असतात, बहुधा दहा किंवा बारा नंबरच्या पान्याचे. बैठक उचलण्याआधी बेल्टचे बकल तिच्या फटीतून खाली सरकवा, नाहीतर ते अडकतात आणि जोर लावल्यावर शिवण उसवते. पाठ काढायचीच असेल, तर तिच्या बिजागऱ्या दोन्ही बाजूंना फरशीला किंवा चाकाच्या कमानीला बोल्टने बसवलेल्या सापडतात. ते बोल्ट घट्ट असतात आणि आपल्या खाऱ्या हवेत गंजून आणखी घट्ट होतात. त्यांना गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा आणि मग लांब दांड्याच्या रॅचेटने सोडवा. ओपन पान्याने झटके मारले की बोल्टची डोकी गोल होतात आणि पुढचा दिवस गॅरेजवाल्याकडे जातो.

सीटबेल्टचे बोल्ट मात्र सोडवू नका. ते जाड बोल्ट वाटेत आल्यासारखे वाटतात, पण सीट काढायला त्यांचा काही संबंध नसतो. ते ठरावीक टॉर्कनेच घट्ट करावे लागतात आणि परत बसवताना आटे चुकले, तर पुढच्या अपघातात तो बेल्ट माणसाला धरेल याची खात्री उरत नाही. बेल्ट गुंडाळून वरच्या बाजूला बांधून ठेवा, म्हणजे मालाखाली चिरडणार नाही.

बैठक निघाली की खाली एक गोल किंवा चौकोनी झाकण दिसेल. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत पेट्रोलचा पंप आणि त्याची वायर असते. त्यावर टोकदार, जड काही येता कामा नये. फरशीला ड्रिल मारून कडी बसवायची कल्पना कुणी मांडली, तर स्पष्ट नाही म्हणा. त्याच पत्र्याखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गेलेली असते. कडी हवीच असेल, तर काढलेल्या बिजागरीच्या तयार भोकात त्याच मापाचा कडीवाला बोल्ट बसवता येतो. हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट बरोबर नेऊन आटे जुळवून घ्या.

आता फळी. उघड्या पत्र्यावर माल ठेवू नका, रंग खरवडला की आपल्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, गाडीत ठेवून कोपरे जुळवा, मग त्या मापाचं बारा मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लायवूड सुताराकडून कापून घ्या. उंचवट्याच्या पुढच्या खड्ड्यात आधारासाठी लाकडी पाय लावा, म्हणजे फळी वाकणार नाही. वर रबरी मॅट टाका. मॅटमुळे खोकं सरकत नाही आणि बांधण्याचं निम्मं काम तिथेच होतं. डिक्कीच्या तळाशी स्टेपनी असेल तर फळी दोन तुकड्यांत करा. महामार्गावर भर पावसात सगळा माल खाली उतरवून स्टेपनी काढावी लागू नये.

मासळी, भाजी, फुलं असा ओला माल नेणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. मासळीचं बर्फाळ पाणी खारट असतं. ते फरशीच्या फेल्टमध्ये मुरलं की वरून कोरडं दिसतं आणि खालून पत्रा खातं. बहुतेक गाड्यांत वायरिंगचा मुख्य जुडगा उंबऱ्याच्या कडेने, याच फेल्टखालून गेलेला असतो, त्याचे कनेक्टर हिरवे पडतात आणि मग कधी दिवे, कधी पंप बंद पडायला लागतो. अशा मालासाठी उभ्या काठाचा प्लॅस्टिकचा ट्रे किंवा झाकणाचा आइसबॉक्स वापरा. घरी आल्यावर मॅट काढून फरशी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि दारं उघडी ठेवून गाडी वाळू द्या.

माल भरताना जड वस्तू खाली आणि पुढे ठेवा, पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवून. हलक्या वस्तू वर आणि मागे. जड पोती डिक्कीच्या टोकाला रचली की गाडीचं नाक उचललं जातं, स्टीअरिंग हलकं लागतं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर हे लगेच जाणवतं. मालाची उंची पुढच्या सीटच्या पाठीपेक्षा वर जाऊ देऊ नका. आतल्या आरशातून मागचं दिसायला हवं आणि ब्रेक दाबला तर वरचा डबा डोक्यावर यायला नको.

या शेवटच्या वाक्याचं गांभीर्य पुरेसं लक्षात घेतलं जात नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूत जी ऊर्जा असते, ती सुमारे १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या वस्तूइतकी असते. गाडी आदळून थांबते, मागचं न बांधलेलं २० किलोचं खोकं थांबत नाही. मागच्या सीटची पाठ असा मार अडवण्यासाठीही असते. युरोपातल्या नियमांत तिची मजबुती तपासताना डिक्कीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या वेगाची धडक घडवतात. तुम्ही ती पाठ काढली की तिचं काम तुमच्या बांधणीवर येतं, आणि बांधणी नसेल तर तुमच्या मानेवर.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघे मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी साधीसुधी नव्हती. मागे मोकळं राहिलेलं शरीर आणि मागे मोकळं राहिलेलं पोतं यांना एकच भौतिक नियम लागू होतो.

म्हणून बांधणीसाठी सुतळी किंवा प्लॅस्टिकची दोरी नको. हार्डवेअरच्या दुकानात रॅचेटचा पट्टा मिळतो, तो दांडीने कसता येतो आणि वाटेत सैल होत नाही. असे दोन पट्टे पुरतात. एक माल पुढे जाऊ नये म्हणून, दुसरा वर उडू नये म्हणून. पट्टा सीटबेल्टच्या बकलला किंवा दाराच्या हँडलला अडकवू नका, त्यासाठीच बिजागरीच्या भोकात कडी बसवायची. विरार फाट्याला महामार्गावर चढण्याआधी एकदा गाडी बाजूला घ्या आणि पट्टे तपासा, कारण गावातल्या गतिरोधकांवर माल खाली बसतो आणि पट्टे ढिले पडतात.

टायरची हवाही वाढवायला हवी. चालकाच्या दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांसाठी वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी हवा दिलेली असते. मागच्या चाकांत भरलेल्या गाडीची हवा भरा. स्टीअरिंगजवळ दिव्यांचा झोत खाली-वर करण्याचं बटण असेल तर झोत खाली आणा. गाडीची शेपूट खाली बसली की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ब्रेक लागायला जास्त अंतर लागेल हे धरूनच गाडी हाकायची.

पाइप, पडद्याचे रॉड, मंडपाचे बांबू असं काही लांब असेल, तर डिक्की उघडी ठेवून जाण्याचा मोह होतो. तो दोन कारणांनी टाळा. गाडी पळत असताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिक्कीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते. दुसरं कारण कायद्याचं. परवानगीपेक्षा जास्त माल गाडीबाहेर काढून चालवल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४(१ए) नुसार २०,००० रुपये दंड आहे. त्या पैशात टेम्पोच्या कित्येक खेपा होतील.

कायद्याकडे आलोच आहोत, तर पुढचंही पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेली, उत्पादकाने ठरवलेली गाडीची मूळ रचना मालकाला परस्पर बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरसीवर आसनसंख्या पाच लिहिलेली असते. सकाळी बैठक काढून स्वतःचं सामान आणलं आणि संध्याकाळी परत बसवली, तर मी त्याला रचना बदलणं म्हणणार नाही. पण सीट कायमची भंगारात देऊन तिथे लोखंडी रॅक वेल्ड करून घेतलात, तर तो बदल आहे आणि अडवलं गेलात तर बाजू मांडायला जागा नाही. काही पक्कं बसवायचा विचार असेल, तर आधी एमएच-४८ चं काम पाहणाऱ्या आपल्या परिवहन कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

विम्याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा, कारण तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याकडच्या खासगी कारच्या विम्यात वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापर चालत नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक चालत नाही. गावाहून आणलेला तांदूळ वैयक्तिक सामान झाला. गिऱ्हाइकाला पोचवायची वीस खोकी नाही झाली. त्या खेपेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पॉलिसीचा कागद काढा आणि तो परिच्छेद आजच वाचा.

त्यामुळे ज्यांना रोज माल न्यायचा आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे: कारची सीट काढू नका, मालवाहू गाडी घ्या. मारुती ईको मालवाहू प्रकारात मिळते, जुन्या बाजारात मालवाहू ओम्नी अजून सापडते आणि २००५ साली आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, तर प्रत्येक नाक्यावर उभा आहे. भरून ३,००० किलोपर्यंत वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, कलम ६६ मध्ये तशी सूट आहे. फिटनेस आणि मालवाहतुकीचा विमा मात्र लागतो. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं आहे. वेगळा परवाना काढावा लागेल या भीतीने जे थांबलेत, त्यांनी थांबायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच करू नये, धंदेवाल्याने नाही आणि घरच्या गाडीनेही नाही. बैठक काढलेल्या गाडीत मागे पोत्यांवर माणूस बसवू नका. ‘जवळच जायचंय’, ‘मागे बसून सामान धरतो’ असं म्हणून बहुतेक घरातलं पोरगंच मागे चढतं. त्याला बेल्ट नाही, टेकायला पाठ नाही आणि चहूबाजूंनी जड माल. त्याला रिक्षाने पाठवा.

काढलेली सीट कुठे ठेवायची, हा फुलपाड्याच्या वन-रूम किचनमध्ये खरा प्रश्न आहे. गाडीच्या टपावर, जिन्यात किंवा मीटरखोलीत नको. जिना आणि मीटरखोली मोकळी राहिली पाहिजे, आगीच्या वेळी जिन्यातूनच बाहेर पडायचं असतं. बैठक उभी करून जुन्या चादरीत गुंडाळा आणि घरातच भिंतीला लावून ठेवा. पार्किंगमध्ये ठेवली तर फोमात उंदीर घर करतात. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येते. बोल्ट, वॉशर, क्लिप एका पिशवीत घालून ती पिशवी सीटच्याच हुकाला बांधा. डावीकडचे आणि उजवीकडचे वेगळे ठेवा आणि काढण्याआधी मोबाइलवर प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या.

परत बसवताना बोल्ट आधी हाताने चार आटे फिरवा, सरळ जातोय याची खात्री झाली की मगच पाना लावा. बकल फटीतून वर काढा, नाहीतर बेल्ट सीटखाली अडकून राहतो आणि मागचा माणूस न लावताच बसतो. पाठीची वरची कडी खट् आवाज करून बसली पाहिजे. मग पाठ दोन्ही हातांनी जोरात पुढे ओढून बघा, तिन्ही बेल्ट लावून झटका देऊन बघा. काही हललं किंवा सैल लागलं, तर ते पक्कं होईपर्यंत मागे कुणालाही बसवू नका.